दाब आणि दळण

आमच्याकडील लग्नाच्या स्वागतसमारंभांत, पंगती उठून आहेरांची गडबड ओसरू लागली की मांडवाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या चकचकीत पोलादी बंबाभोवती घोळका जमत असे, आणि त्या बंबाच्या अंगातून बाहेर आलेली नळी दुधाच्या मगात बुडवून आचाऱ्याने चावी फिरवली की असा काही फुत्कार उठे की कडेवरची मुले दचकून आईला बिलगत. मग पेल्यात फेसाळ, गोड, दाट दूध पडे, त्यावर कोकोची चिमूट भुरभुरली जाई, आणि 'एस्प्रेसो' या नावाने ते पेय हाती घेऊन मंडळी व्याह्यांच्या उण्यादुण्यांची चर्चा करावयास मोकळी होत. त्या पेयाविषयी माझी तक्रार नाही. माघातल्या थंडीत ते मी दोनदा मागून घेतलेले आहे. परंतु ज्या वस्तूचे नाव त्याने धारण केले होते तिच्याशी त्याचे नाते इतकेच, की दोहोंच्या यंत्रांतून वाफेचा आवाज होतो. मांडवातल्या बंबातील वाफ दूध तापविते आणि त्याला फेस आणते. कॉफीच्या पुडीतून पाणी जोराने दाबून नेण्याचे काम तिच्याकडे कधी सोपविलेलेच नसते, कारण ती पूड साखरेबरोबर मगाच्या तळाशी आधीच विरघळून बसलेली असते. नाव आले, दाब मागे राहिला.

'एस्प्रेसो' या इटालियन शब्दात तीन अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. दाबून बाहेर काढलेले, हा एक. एका विशिष्ट गिऱ्हाइकासाठी, त्याने मागितल्यावर मुद्दाम केलेले, हा दुसरा. आणि आगगाडीच्या 'एक्स्प्रेस' या विशेषणात जो वेग आहे, तो तिसरा. यांपैकी मूळचा कोणता आणि मागाहून चिकटलेला कोणता, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. कॉफी करणाऱ्याच्या दृष्टीने पहिला अर्थ साधल्याखेरीज उरलेले दोन साधत नाहीत, कारण दाब नसेल तर बारीक पुडीतून पाणी उतरावयास वेळ लागतो, आणि वेळ लागू लागला की एकेका गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र पेला करीत बसणे कोणत्याही दुकानदारास परवडत नाही.

ही अडचण दूर करण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न तुरीन शहरातला. तेथे १८८४ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो या हॉटेलवाल्याने वाफेच्या बळावर कॉफी काढणारे यंत्र मांडले आणि त्याच वर्षी त्याची सनद आपल्या नावे करून घेतली. परंतु ते यंत्र एकदम पुष्कळ कॉफी काढून ठेवणारे होते, आणि त्याच्या मालकाने ते आपल्या दुकानांपुरतेच राखल्यामुळे शोध लागला तरी धंदा उभा राहिला नाही. तो उभा राहिला मिलानमध्ये. लुईजी बेझेरा याने १९०१ मध्ये ज्या यंत्राची सनद मागितली त्यात एका पेल्यापुरती पूड बसेल अशी दांडा लावलेली धातूची गाळणी होती. ती यंत्राच्या तोंडाला फिरवून अडकवावयाची, चावी उघडावयाची, आणि खाली ठेवलेल्या पेल्यात एकाच माणसाची कॉफी उतरावयाची. ती दांड्याची गाळणी आज सव्वाशे वर्षांनीही तत्त्वतः तशीच आहे. बेझेराजवळ कल्पना होती, भांडवल नव्हते. त्याचे हक्क देसिदेरिओ पावोनी याने विकत घेतले, आणि १९०५ पासून 'इदेआले' या नावाची यंत्रे त्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी, आल्प्स पर्वताखालून खोदलेल्या सिम्प्लॉन बोगद्याच्या गौरवार्थ मिलानला जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात ही कॉफी लोकांनी चाखली. आगगाडीच्या उत्सवात वाफेची कॉफी, हा योग काही वाईट नव्हता: उभे पितळी बाष्पपात्र, त्याखाली वायूची ज्योत, अंगावर दाबमापकाची तबकडी आणि माथ्यावर घुमट, असे ते रूप पाहून एखाद्या आगगाडीचे इंजिनच कुणी उभे करून दुकानात आणून ठेवले आहे असे वाटावे.

आणि इंजिनाचा जो दोष तोच या यंत्राचाही होता. त्याला बळ हवे असेल तर उष्णता वाढविण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आपल्या स्वयंपाकघरातील कुकर शिट्टीच्या बेतात येतो तेव्हा आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका वातावरणाइतका अधिक असतो. या यंत्रांत तो दीडपट, फार तर दुप्पट असे. एवढ्या दाबासाठी पाणी उकळबिंदूच्याही वर न्यावे लागे, आणि असे पाणी व त्यासोबतची वाफ पुडीवर आली की कॉफी काळी, कडवट व किंचित करपलेली उतरे. आज एस्प्रेसो म्हणताच जी सोनेरी-तांबूस साय डोळ्यांपुढे येते, तिचा त्या पेल्यात मागमूस नव्हता. तरीही लोक ती कॉफी उभ्याउभ्या पिऊन कामावर जात, कारण ती गरम होती, ताबडतोब मिळत होती, आणि फळीपाशी उभे राहून पिणाऱ्यास बैठकीचा आकार द्यावा लागत नव्हता.

घरातील परिस्थिती निराळी होती. दक्षिणेकडे नेपल्समध्ये उलटी करावयाची किटली घरोघर असे. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये पूड, वर रिकामे भांडे, आणि पाणी उकळले की सारी उतरंड एका झटक्यात उलटी करून थेंबथेंब गळण्याची वाट पाहावयाची. ही युक्ती मूळची फ्रान्सातली, पण नेपल्सकरांनी ती इतकी आपलीशी केली की एदुआर्दो दे फिलिप्पो या नटश्रेष्ठ नाटककाराने १९४६ साली रंगभूमीवर आणलेल्या 'क्वेस्ती फान्तास्मी' या नाटकात नायक गॅलरीत बसून समोरच्या बिऱ्हाडातील प्राध्यापकाला ही कॉफी कशी करावी, आणि गळती चालू असता सुगंध उडून जाऊ नये म्हणून किटलीच्या तोटीवर कागदाची टोपी कशी बसवावी, हे मोठ्या निगुतीने समजावून सांगतो. त्या कागदाच्या टोपीत घरच्या कॉफीचे सारे शास्त्र आहे असे मला वाटते: तिथे दाब मुळीच नाही, धीर पुष्कळ आहे. मात्र ज्याला दुकानातील कॉफीची चटक लागली त्याला धीराची कॉफी आवडेनाशी होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

या चटकेवर पहिला घरगुती उतारा शोधला तो आल्फोन्सो बियालेत्ती याने. फ्रान्समध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या धंद्यात काही वर्षे काढून हा गृहस्थ उत्तर इटलीतील क्रुसिनाल्लो या आपल्या गावी परतला व तेथे त्याने ओतकामाचा कारखाना घातला; आणि गावातील बायका कपडे धुण्यासाठी जे पातेले वापरीत, ज्याच्या मधल्या नळीतून उकळते साबणाचे पाणी वर चढून कपड्यांवर पडे, ते पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. १९३३ साली सिद्ध झालेल्या त्याच्या अष्टकोनी भांड्यात खालचे पाणी आपल्याच वाफेच्या रेट्याने पुडीतून वर ढकलले जाते. येमेनातील ज्या मोखा बंदरातून पूर्वी जगभर कॉफी जात असे, त्याचे नाव या भांड्याला मिळाले: 'मोका'. त्याचा दाब जुन्या यंत्रांइतकाही नसतो. पण चुलीवर ठेवून चार-पाच मिनिटांत निघणारी ती काळीभोर, घट्ट कॉफी घरातल्या माणसांना दुकानाच्या फार जवळ नेऊन पोहोचवी, आणि कारखान्याची जाहिरातही हेच आश्वासन देई.

या भांड्याच्या नशिबात प्रथम जे आले ते मात्र चमत्कारिक. १९३५ मध्ये अबिसिनियावर स्वारी केल्याबद्दल राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. मुसोलिनीच्या सरकारने त्यावर स्वावलंबनाची घोषणा केली, आणि अ‍ॅल्युमिनियमचे खनिज देशात सापडत असल्यामुळे त्या धातूला जवळजवळ राष्ट्रीय धातूची प्रतिष्ठा मिळाली. परंतु कॉफी देशात पिकत नव्हती, तिची आयात आटत गेली, आणि लोक जव व चिकरी भाजून त्यांचे काढे पिऊ लागले. म्हणजे भांडे सरकारच्या लाडक्या धातूचे, आणि त्यात घालावयाची वस्तू सरकारच्या नावडत्या परदेशी मालाच्या यादीत! युद्धापूर्वीच्या वर्षांत बियालेत्तीने आजूबाजूच्या बाजारांतून एकंदर सुमारे ७०,००० भांडी विकली. युद्धानंतर त्याचा मुलगा रेनातो याने कारखान्याचा कारभार हाती घेऊन मिशाळ बुटक्या माणसाच्या चित्राने दूरचित्रवाणी व भिंती भरून टाकल्या, तेव्हा मोका इटलीच्या बहुतेक प्रत्येक घरात गेली. हा रेनातो २०१६ साली वारला, आणि त्याच्या अस्थी एका मोठ्या मोका भांड्यात ठेवूनच त्याचा अंत्यविधी झाला. धंद्याशी एवढी एकनिष्ठता आपल्याकडच्या सराफांतही क्वचित आढळेल.

इकडे दुकानांत दाबाचा प्रश्न उष्णतेपासून सोडवून घेण्याची खटपट चालूच होती. त्रिएस्ते बंदरात, जेथे अठराव्या शतकापासून ऑस्ट्रियाच्या बादशाहीने दिलेल्या जकातमाफीच्या सवलतीखाली कॉफीच्या गोण्या उतरत आल्या, तेथे फ्रान्चेस्को इल्ली याने १९३५ मध्ये वाफेऐवजी दाबलेल्या हवेचा उपयोग करून पाहिला. निर्णायक पाऊल मात्र मिलानच्या आकिल्ले गाज्जा याचे. त्याचे स्वतःचे कॉफीचे दुकान होते, आणि करपट कॉफीबद्दल गिऱ्हाइकांची कुरकूर त्याने रोज ऐकलेली असावी, असे त्याच्या चिकाटीवरून वाटते. १९३८ मध्ये त्याने पहिली सनद मिळविली, पुढे युद्ध आड आले, आणि १९४७ मध्ये तरफेच्या यंत्राची सनद घेऊन पुढील वर्षी तो यंत्रे विकू लागला. त्याची योजना ऐकावयास साधी आहे: यंत्रावरचा लांब दांडा खाली ओढला की आतील भक्कम कमान आवळली जाते व दट्ट्याखालच्या पोकळीत गरम पाणी येते, दांडा सोडला की कमान पसरू पाहते आणि त्या बळाने दट्ट्या पाण्याला पुडीतून रेटतो. पाणी तापविण्याचे काम आगीचे, दाबण्याचे काम कमानीचे. दोन खाती वेगळी झाली. उकळबिंदूच्या खाली असलेले पाणी आता आठ-नऊ वातावरणांच्या दाबाने पुडीत घुसू लागले, म्हणजे आपल्या कुकरच्या आठ-नऊपट.

या दाबाने पेल्यात एक अनपेक्षित वस्तू आणली. कॉफीतील तेलाचे सूक्ष्म कण आणि भाजताना दाण्यात अडकलेला कर्बवायू यांचा मिळून दाट फेस होऊन तो वर तरंगू लागला, आणि प्रथम लोकांनी त्याकडे संशयाने पाहिले; मळी समजले. गाज्जा चतुर होता. ही नैसर्गिक कॉफीची साय आहे आणि ती वाफेवाचून काढली आहे, असा मजकूरच त्याने आपल्या यंत्रांवरून मिरविला. आणि काही वर्षांत अशी वेळ आली की ज्या पेल्यावर साय नाही ती कॉफीच नव्हे, असे गिऱ्हाईक म्हणू लागले. दोषाची खूण हीच गुणाची खूण ठरल्याचे असे उदाहरण खाद्यपेयांच्या इतिहासात विरळा.

परंतु या स्थित्यंतराची दुसरी बाजू, जिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष कमी गेले, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. दाब ही एकतर्फी वस्तू नाही. ज्याच्यावर दाबावयाचे ते अडून राहिले तरच दाब निर्माण होतो. नऊ वातावरणांच्या पाण्याला अडवून धरण्याचे काम सात ग्रॅम पुडीच्या चकतीने करावयाचे, तर ती पूड इतकी बारीक आणि इतकी एकसारखी दळलेली हवी की पाण्याला कुठेही चोरवाट मिळता कामा नये; आणि फारच बारीक झाली तर पाणी मुळी उतरतच नाही. म्हणजे यंत्र जितके बलवान झाले तितका चक्कीचा अधिकार वाढला. जात्यावर दळणाऱ्या बायकांना हे सांगावे लागले नसते. भाकरीचे पीठ वेगळे, पुरणाचे वेगळे, भरडा काढावयाचा तर वरची तळी किंचित उचलून घ्यावयाची, आणि तळी झिजून गुळगुळीत झाली की टाकी लावून घ्यावयाची, ही सारी विद्या त्यांच्या हातात होती; इटलीच्या कॉफीवाल्यांना ती १९४८ नंतर नव्याने शिकावी लागली.

पुढचा तपशील लवकर आटोपतो. १९६१ मध्ये एर्नेस्तो वालेन्ते याच्या फाएमा कंपनीने विजेच्या पंपाने सतत नऊ वातावरणांचा दाब देणारे यंत्र काढले आणि त्या वर्षी इटलीत दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याला 'ई ६१' असे नाव ठेवले. आज जगातील असंख्य यंत्रांचे तोंड त्याच घाटाचे असते. पुढे या कॉफीचे मोजमापही ठरले: इटलीत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या व्याख्येप्रमाणे सात ग्रॅम पूड, सुमारे ८८ अंशांचे पाणी, नऊ वातावरणांचा दाब आणि पंचवीस सेकंदांत पंचवीस मिलिलिटर कॉफी. हल्लीचे शौकीन अठरा ग्रॅमपासून सुरुवात करतात, पण ते पंचवीस सेकंदांच्या आसपास घोटाळतात हे खरे.

दुकानात सिद्ध झालेला हा दाब घरात आणण्याची हौसही त्याच सुमारास बळावली. पावोनीच्या कारखान्याने १९६१ च्या सुमारास 'एउरोपिक्कोला' हे घरगुती तरफयंत्र काढले; त्यात कमान नाही, पंप नाही, दाब देणारी शक्ती म्हणजे वापरणाऱ्याचा स्वतःचा दंड, आणि त्यामुळे रोजच्या पेल्यात रोजची मनःस्थिती उतरते अशी त्याची ख्याती आहे. १९७३ सालच्या एका जेम्स बाँडपटात तो हेर भल्या पहाटे आपल्या वरिष्ठासाठी या यंत्रावर कॉफी करताना दाखविला आहे, आणि एवढ्या अवडंबरातून एवढीशीच कॉफी निघते हे पाहून वरिष्ठाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते घरात असे यंत्र आणणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कुटुंबीयांच्या चेहऱ्यावर पाहिलेले असतात. गाज्जा कंपनीचे विजेवरचे 'बेबी' १९७७ मध्ये आले. रान्चिलिओ कंपनीचे 'सिल्विया' १९९७ मध्ये, दुकानी यंत्राची ५८ मिलिमीटर व्यासाची जाड पितळी गाळणी घेऊन. मधल्या काळात, १९८६ मध्ये, नेस्लेने दळण, मोजणे आणि दाबणे हे तिन्ही व्यवहार एका अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बंद करून विकावयास काढले, आणि विचार करण्याचा कंटाळा असणाऱ्यांची सोय केली. तिच्यात कुणाचे काही बिघडत नाही. मात्र निवड करण्याजोगे काही उरतही नाही.

निवडीत फसगत होते ती स्वस्त यंत्रांत, आणि ती मी स्वतः करून घेतलेली आहे. 'पंधरा बार' असे ठळक अक्षरांत लिहिलेले एक यंत्र पाहून मी भाळलो. नऊ पुरते तेथे पंधरा मिळत असतील तर बरेच, असा माझा व्यापारी हिशेब. पंधरा हा आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा असतो, पुडीवर येणाऱ्या दाबाचा नव्हे, हे मागाहून कळले. त्याहून सूक्ष्म कावा गाळणीत होता. त्या गाळणीला दोन तळ असतात. वरच्याला पुष्कळ छिद्रे, खालच्याला मात्र सुईच्या टोकाएवढे एकच. त्यामुळे पूड कितीही जाडीभरडी असली तरी अडवणूक त्या छिद्रापाशी होते, कॉफी तिथून फवाऱ्यासारखी फुटून बाहेर येते आणि हवेच्या बुडबुड्यांची एक खोटी साय पेल्यावर तरंगते, जी साखर पडताच विरून जाते. ज्याच्या घरी चक्की नाही त्याच्यासाठी केलेली ही तजवीज आहे, आणि त्या दृष्टीने ती प्रामाणिकही म्हणता येईल. पण एस्प्रेसो म्हणून मी सहा महिने जे प्यालो ते मांडवातल्या बंबाच्याच कुळातले होते.

मग एकतळी गाळणी मिळविली, आणि नेहमीप्रमाणे माटुंग्याहून दळून आणलेली पूड तिच्यात भरली. आठ सेकंदांत पेला काठोकाठ भरला: पिवळसर, आंबट, पाणचट. दुकानदाराचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याची गिरणी लावलेली असते दाक्षिणात्य फिल्टरसाठी, ज्यात पाणी आपल्या वजनाने सावकाश उतरते. तीच पूड नऊ वातावरणांपुढे म्हणजे पुराच्या पाण्यापुढे वाळूचा बांध. शेवटी पोलादी दातांची हातचक्की घेतली. पहिल्या दिवशी उत्साहाने इतके बारीक दळले की यंत्र कण्हत राहिले आणि पेल्यात तीन काळे थेंब पडले. चक्कीचे चाक दोन खुणा मागे घेतले, तेव्हा बारा-पंधरा थेंबांनंतर उंदराच्या शेपटीसारखी बारीक, मधाच्या रंगाची धार लागली आणि घड्याळाचा काटा सत्तावीसवर असताना पेला हवा तितका भरला. यंत्र तेच होते. पाणी तेच होते. पात्यांची विजेची चक्की यासाठी निरुपयोगी, कारण ती दळत नाही, तुकडे करते. काही धुरळा, काही रवा, आणि पाणी रव्यातून पळून जाते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर त्यांचा मोठा हिस्सा चक्कीवर घालावा, असे माझे ठाम मत आहे, आणि ज्यांची यंत्रे माझ्या यंत्राच्या चौपट किमतीची आहेत अशा स्नेह्यांनाही मी ते ऐकविले आहे.

दाण्यांच्या निवडीचा प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला 'बुंद' किंवा 'बुंददाणा' म्हणत, आणि बाबा बुदन या सुफी फकिराने येमेनातून सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्याची कथा सर्वश्रुतच आहे. आपल्याकडे चिखलदऱ्याला थोडी लागवड आहे, पण ती नावापुरतीच. इटलीशी खरा संबंध येतो तो कर्नाटक-केरळच्या रोबस्टामुळे. एकोणिसाव्या शतकात तांबेऱ्याने सिलोनमधील अरेबिकाचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा आफ्रिकेच्या काँगो खोऱ्यातील ही दणकट जात पूर्वेकडे आणली गेली. तिची चव रांगडी, पण तिच्यात उत्तेजक द्रव्य जवळजवळ दुप्पट, आणि दाबाखाली ती साय अशी देते की अरेबिकाने मान खाली घालावी. गाज्जाच्या सायीची चटक लागलेल्या इटालियन भाजणाऱ्यांना, विशेषतः दक्षिणेकडच्या, तिचे महत्त्व लवकर कळले. आणि भारतीय कॉफीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इटली हेच आहे. जे दाणे कोडगू-वायनाडच्या सावलीत पिकतात, त्यांचा मोठा भाग नेपल्स-मिलानच्या पेल्यांत साय धरण्याच्या कामी खर्ची पडतो, आणि आपण मात्र इटालियन डबा आणून कौतुकाने उघडतो.

याहून रम्य कहाणी मलबारी मॉन्सून्ड दाण्यांची. शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपास जाताना कॉफीच्या गोण्या महिनोन्‌महिने समुद्राच्या दमट हवेत राहत. हिरवा दाणा फुगून फिकट पिवळा होई, आंबटपणा निघून जाई, आणि तिकडच्या लोकांना तीच चव खरी वाटू लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, प्रवास आखूड झाला, पुढे आगबोटीही वेगवान झाल्या, आणि दाणे हिरवेच पोहोचू लागले. तेव्हा जी गोष्ट प्रवासात अपघाताने घडे ती घरीच बुद्ध्या घडविण्याची युक्ती निघाली: पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरच्या वखारींत, जून ते सप्टेंबर या काळात दाणे उघड्या बाजूंच्या कोठारांत पसरून ठेवावयाचे, वरचेवर दांताळ्याने परतावयाचे, आणि पावसाळी वाऱ्याला आपले काम करू द्यावयाचे. आंबटपणा नको आणि अंगाने भरीव कॉफी हवी, अशी ज्यांची आवड असेल त्यांना एस्प्रेसोसाठी याहून सोपा दाणा मला ठाऊक नाही. नवशिक्याच्या चुका तो पोटात घालतो.

आपल्या मळ्यांचा माल आपल्यालाच नावानिशी मिळत नव्हता, यालाही कारण आहे. १९४२ च्या कायद्याने मळेवाल्यांनी आपले पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात भरावे असा दंडक झाला. मंडळ प्रतवारी करी, लिलाव करी, आणि चिकमगळूरच्या एका डोंगराचा दाणा दुसऱ्या डोंगराच्या दाण्यात मिसळून जाई. तो मक्ता १९९० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल होऊन १९९६ मध्ये संपला, तेव्हा कुठे मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापलेली पिशवी पाहणे शक्य झाले. दुकानातील जुनी परिभाषा मात्र अजून चालते आणि ती उपयोगाची आहे: 'प्लांटेशन' म्हणजे धुऊन तयार केलेला अरेबिका, 'पार्चमेंट' म्हणजे धुतलेला रोबस्टा, 'चेरी' म्हणजे फळासकट उन्हात वाळविलेला दाणा, 'पीबेरी' म्हणजे ज्या फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरली ती, ए, बी, सी ही नुसती आकाराची अक्षरे, गुणाची नव्हेत. मी चार भाग प्लांटेशन ए आणि एक भाग धुतलेला रोबस्टा, मध्यमाहून किंचित गडद भाजलेला, असा मेळ घेतो. चिकरी कटाक्षाने नाही. ती फिल्टरात शोभते, दाबाखाली चिकट होऊन गाळणी बुजविते.

तारखेकडे मात्र आकाराहून अधिक लक्ष द्यावे. भाजल्यावर दाण्यातील कर्बवायू पहिले काही दिवस इतका जोरात सुटतो की पाण्याला नीट शिरू देत नाही, म्हणून आठवडाभर पिशवी तशीच ठेवावी. आणि महिना-दीड महिन्यानंतर तो इतका निघून गेलेला असतो की साय धरतच नाही. दळलेल्या पुडीचे हेच सारे आयुष्य काही मिनिटांत आटोपते. तेव्हा घरी यंत्र आणण्याचे ज्यांच्या मनात असेल त्यांनी चौकशी प्रथम चक्कीची करावी, दाणे पाव किलोहून अधिक घेऊ नयेत, आणि माटुंग्याच्या दुकानदाराने सवयीने पिशवी गिरणीच्या तोंडाकडे नेली की त्याचा हात वेळीच धरावा.